डायरीतली नाचणीची भाकरी

"तुम्हाला डायबेटिस आहे, आणि तो बराच जुना असणार," असं डॉक्टर माझ्या मिस्टरांना सांगत होत्या, तेव्हा ते खिडकीतून पार्किंगमधली आपली गाडी बघत होते. एचबीएवनसी साडेदहा आली होती. ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. आदल्या दिवशी उपाशी राहून ती फसत नाही. हे मला तेव्हाच समजावलं होतं. तरी पुढचं सगळं मी केलं, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही कोपरखैरण्याच्या गावठाणातले आगरी. सासरे खाडीकाठी भात लावायचे. जमिनी शहर वसवायला गेल्या, घरावर मजले चढले, खोल्या भाड्याने गेल्या. भाडं महिन्याला आपल्या पायांनी खाली येतं, त्यामुळे मिस्टरांना जिना चढायचंही काम उरलं नाही. पोट सुटलं, नजर धूसर झाली, रात्री चारदा उठणं सुरू झालं. आम्ही ते वयावर ढकललं.

या डॉक्टर नाझनीन, रायगडकडच्या कोकणी मुसलमान घरातल्या. वयाने लहान, बोलायला गोड. त्या मेटाबॉलिक आजारांवर संशोधन करत होत्या. मेटाबॉलिक म्हणजे खाल्लेल्या अन्नाचं शरीर काय करतं, त्यात बिघाड होऊन येणारे आजार. शेती सुटलेल्या गावांत ते का वाढले आणि माणसाचं काय करतात, हे त्यांना शोधायचं होतं. आमच्या गल्लीतली पाच घरं त्यांनी घेतली आणि प्रत्येक घराला एक डायरी दिली. रोज काय खाल्लं ते त्यात लिहायचं. मिस्टरांची डायरी अर्थातच माझ्या गळ्यात पडली.

पहिल्या पानावर मी नाचणीची भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी लिहिली. त्या दिवशी ते खरंही होतं. डॉक्टर म्हणाल्या, "काकी, सगळ्यांत नीट डायरी तुमची." एवढ्यावर मी हुरळले. तीस वर्षं रांधते आहे, पण त्याबद्दल शाबासकी कधी मिळाली नव्हती.

मग लग्नसराई लागली. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, वर दारू, आणि न जेवता उठलं तर त्या घराचा अपमान. आठवड्याला तीन-तीन हळदी. मी अडवलं की मिस्टर म्हणायचे, "हलदीला जेवलो नाय तर मानसा काय बोलतील? तू तुजी भाकरी लिव." मी लिहिली. माझी डायरी बघून शेजारच्या चौघींनीही तशीच लिहिली. कागदावर अख्खी गल्ली नाचणीवर जगत होती.

साखर उतरेना. गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिन आलं. सी-पेप्टाइड केलं, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते बघितलं. ते बनत होतं, म्हणजे दोष तिथेही नव्हता. डॉक्टरांनी डायरी आणि रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून एकेक तारीख ताडून बघितली.

"काकी, बाहेरचं काही खाणं होतं का? मी रागावणार नाही."

मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. इतकं बेतानं खाऊनही साखर चढते, तर औषधच कमी पडत असणार, असं ठरलं. रात्रीचं इन्सुलिन वाढलं.

श्रावणात हळदी संपल्या. पहिल्या सोमवारी मिस्टरांनी उपवास धरला. संध्याकाळी वरणभाताचे चार घास खाल्ले आणि इन्सुलिन मात्र हळदीचं जेवण जिरवणारं घेतलं. मंगळवारी सकाळी ते बाथरूममध्ये पडले. अंग घामाने ओलं, जीभ जड, साखर अडतीस. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, म्हणजे साखर धोक्याइतकी उतरणं. साखर सलाइनमधून वर आली. खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच.

ऑपरेशन चालू असताना मी बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. डॉक्टर नाझनीन खाली आल्या आणि शेजारी बसल्या. तेव्हा मी सगळं सांगितलं. हळदी, मटण, शेजारणींच्या डायऱ्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"डोस मी डायरीवर विश्वास ठेवून वाढवला होता, काकी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता तुमच्या गल्लीतलं काहीच धरता येणार नाही. वर्षाचं काम गेलं."

त्यांनी आम्हाला संशोधनातून काढलं, पण आपल्या ओपीडीतून काढलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. स्वतःबद्दल मात्र मला अजून राग येतो. मिस्टर खोटं जेवले नाहीत, उघड जेवले. खोटं मी लिहिलं, तेही एका शाबासकीसाठी. तुमच्या घरी अशी डायरी आली, तर ती डॉक्टरांना खूश करायला लिहू नका.

आता मिस्टर वॉकर घेऊन हॉलपर्यंत येतात. हळदीला जात नाहीत, तर हळद डब्यातून घरी येते. लोक मायेने पाठवतात. परवा डबा उघडल्यावर ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, आणि मला राहवलं नाही.

जेवण झाल्यावर मी ओपीडीत दाखवायची नवी डायरी काढली.

"काय लिवतेस गो?" त्यांनी विचारलं.

"जेवलात ते," मी म्हटलं, आणि लिहिलं: मटणाचे दोन तुकडे, तांदळाची एक भाकरी. मीच वाढलं.