भाऊजींची बॅटरी का उतरत होती

परवा सोमवारी सकाळी आमच्या अंगणात चार माणसं ट्रॅक्टर ढकलत होती. पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला आमचं गाव. जानेवारीत इथे आठपर्यंत धुकं हटत नाही, आणि चावी फिरवली की डिझेलचं इंजिन नुसतं टक टक करतं.

पूर्वी आमच्याकडे यावर एकच उपाय होता. ट्रॅक्टर उताराला तोंड करून लावायचा, सकाळी ब्रेक सोडायचा आणि पळता पळता गिअरमध्ये टाकायचा. एकदा तो कोणी वर नसताना गडगडत गोठ्यापर्यंत गेला. तेव्हा मी सांगितलं, उतार बंद... सपाटीवर शेड बांधा आणि बॅटरी चार्ज ठेवा.

तेव्हापासून बॅटरी हे भाऊजींचं खातं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, वय अडुसष्ट. थंडीत रोज संध्याकाळी चार्जरचे चिमटे लावायचे, टर्मिनलवरचा पांढरा खार गरम पाण्याने धुवायचा, डिस्टिल्ड वॉटर बघायचं. ट्रॅक्टर आता त्यांचा मुलगा महेश चालवतो, पण सकाळी पहिली चावी भाऊजींचीच. इंजिनाने धूर सोडला की क्षणभर बॉनेटवर हात ठेवतात आणि मग चहाला येतात.

या वर्षी मात्र पंधरा दिवसांत तीनदा बॅटरी उतरली. ज्या दिवशी थंडी जास्त, नेमकी त्या दिवशी. महेश सकाळी ओटीवरून शेडचा दिवा लावून शेडमध्ये जायचा, तर चार्जर घूं घूं करत चालू. म्हणजे वीज आहे, चार्जर ठीक आहे, तरी बॅटरी रिकामी.

"आबा, तुमचा चिमटा नीट बसत नाही," सोमवारी तो सगळ्यांदेखत म्हणाला. "हात थरथरतो तुमचा."

"घट बसतो. दोनदा वढून बघतो मी."

"मग काय भुताने काढला?"

ढकलायला आलेले शेजारी हसले. आणि इथे मी तोंड घातलं... "भाऊजी, द्या आता हे काम महेशला. हट्ट कशाला?" महाडच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे घरात माझा शब्द शेवटचा धरतात. महेशने चावी खुंटीला न लावता स्वतःच्या खिशात टाकली.

भाऊजींनी शाल गुंडाळून घेतली. चहाला आले, पण हात शालीच्या आत. कप पुढे केला तर म्हणाले, "नको वैनी, आज इच्छा नाय." दिवसभर ते हात शालीतून बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी महेशने स्वतः चार्जर लावला. त्याने तरी नीट लावलाय का, हे बघायला मी शेडमध्ये गेले. तपासायची सवय जात नाही... चिमटे घट्ट होते, चार्जर चालू होता. निघताना मी ओटीवर उभ्या असलेल्या सुजाताला, महेशच्या बायकोला, ओरडून सांगितलं, "दिवा बंद कर गं!"

दिवा गेला. आणि चार्जरचा आवाजही गेला.

"लाव परत!" दिवा आला, घूं घूं सुरू. "बंद कर!" दोन्ही बंद. "लाव!"

"काकी, खेळताय काय माझ्याशी?" सुजाता ओटीवरून म्हणाली.

मी प्लगपासून बल्बपर्यंत वायरवर नजर फिरवली. दिवाळीत नवीन वायरिंग केलं तेव्हा शेडचा बल्ब आणि प्लग एकाच बटणावर घेतले होते, हे माझ्या लक्षात आलं. शेडचा दिवा कोणी बंद करत नाही म्हणून ओटीवरचं ते बटण रोज जेवणाआधी मी बंद करते. न चुकता. चार्जिंग जेमतेम तासभर व्हायचं, कडक थंडीत ते पुरायचं नाही. सकाळी महेश दिवा लावायचा, तेव्हा चार्जर त्याच्यासाठी नव्याने सुरू व्हायचा.

त्या रात्री दिवा जळत ठेवला. सकाळी महेशला सांगून आदल्या दिवशीच्याच शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. जे सगळ्यांदेखत बोलले ते सगळ्यांदेखतच परत घ्यायला हवं होतं. वर्गात कितीतरी मुलांना उभं करून चूक कबूल करायला लावली आहे... आता मीच उभी राहिले.

"भाऊजी, चूक माझी आहे. चार्जर रोज मी बंद करत होते. तुमचा चिमटा घट्टच होता."

भाऊजींनी शालीतल्या हातांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग हात?"

"हात थरथरतो. पण काम चोख करतो."

"काल दिसभर मी हाताकडंच बघत व्हतो, वैनी," ते म्हणाले. "म्हटलं, हे बी गेलं." महेशने मान खाली घालून चावी पुढे केली. त्यांनी शालीतून हात काढला आणि ती घेतली.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. शेजाऱ्यांतला एक खट्याळपणे म्हणाला, "बाई, शाळेत तर ओणवं उभं करायच्या. आता तुम्हाला काय शिक्षा?"

"हाय ना शिक्षा," भाऊजी सीटवरून म्हणाले. "बसा वर, वैनी. खत टाकायला चला शेताला." आणि बाजूला वाकून त्यांनी शालीने शेजारच्या मडगार्डवरची धुक्याची ओल पुसली.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी कधी ट्रॅक्टरवर बसले नव्हते. थंडी कानात शिरत होती. गिअरवरचा त्यांचा हात थरथरत होता आणि ते तो लपवत नव्हते. खड्डा आला की न बघता सांगत होते, "धरा घट."

मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. शेजारी बसायला कोरडी जागा करून दिली... एवढ्यासाठी मी त्यांची जन्मभर आभारी राहीन.