डावी पापणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आता स्वतःच लिहायला बसलोय... हसा खुशाल!

पंचावन्न-छप्पन साल असेल. अंधेरीच्या एका गावठाणात रोझीबायच्या घराची माडी मी भाड्याने घेतली होती आणि व्यक्तिचित्रं रंगवायला शिकत होतो. सरांचा हट्ट — आधी एक नावाजलेलं जुनं चित्र हुबेहूब उतरव, मगच जिवंत माणसाला हात लाव. ते जमलं तर एका स्टुडिओत माझ्यासाठी शब्द टाकणार होते. माझ्या वाट्याला आली एक परदेशी म्हातारी. पांढरी टोपी, दोन्ही डोळे टक्क उघडे.

माझ्या कॅनव्हासवर मात्र डावी पापणी अर्धी मिटलेली! खरवडली, पुन्हा रंगवली. संध्याकाळी ठीक होती. सकाळी बघतो तर — परत मिटलेली.

"डोळा मारतेय काय रे तुला?" सर म्हणाले. "तेल कमी घाल. रंग ओघळतोय."

तेल कमी केलं. कॅनव्हास आडवा ठेवला. खोलीला कुलूप घातलं. तरी तेच, पाच वेळा! शेवटी मी त्या म्हातारीला चक्क शिव्या घालायला लागलो.

रविवारी दुपारी, मी कुणावर ओरडतोय ते बघायला रोझीबाय वर आली आणि दारातच थबकली.

"ही माजी आय," ती म्हणाली. "तिची पापनी अशीच पडायची. मी तिची शेवटची पोर, सात वर्सांची होते, तवा गेली. एक फोटू नाय रे तिचा... मला दे ना हे."

"रोझीबाय, काहीतरीच काय! परदेशातली बाई आहे ती. उद्या सरांना दाखवायचंय मला." वैतागून मी तिच्यासमोरच पापणीवर रंग खरवडायची सुरी चालवली.

ती जिना उतरून गेली.

या वेळी पुन्हा रंगवलेला डोळा सकाळीही उघडाच राहिला. सरांनी पाठ थोपटली, स्टुडिओत कामही मिळालं. पण मला चैन पडेना. महिन्याभराने तीच म्हातारी नव्याने काढली, पापणी मुद्दाम पाडून, आणि खाली नेली.

रोझीबायने बराच वेळ बघितलं. "नाय रे पोरा. ही कोन तरी झोपेला आलेली बाई हाय."

आणखी तीनदा काढली. तिन्ही वेळा तिने मान हलवली. मग मी नाद सोडला. काही वर्षांनी रोझीबायही गेली.

ती पापणी कुठून आली, माझ्याच कॅनव्हासवर का आली, मला आजही सांगता येत नाही. तो विचार करणंही आता सोडलंय. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची — त्या दुपारी हातातली सुरी खाली ठेवली असती, तर माझं काय बिघडणार होतं?