गेटवर अर्धवट राहिलेलं गाणं

मंडळी, आज सकाळी कंपनीच्या बसने सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या आमच्या केमिकल प्लांटला जाताना टेक्सासच्या सहकारी डेव्हने मला त्याच्या लाडक्या कंट्री, म्हणजे अमेरिकी लोकसंगीताच्या वळणाच्या, गायकाचं गाणं ऐकवलं. त्याच्या मते हा थोरांतला थोर.

"आवाज बेताचा, चाल त्याहून बेताची. थोर कसला?" घरी शास्त्रीय ऐकत वाढलेय, त्यामुळे निकाल लगेच दिला.

गाण्यात एक म्हातारा स्टेशनवर परगावी गेलेल्या आपल्या मुलीची वाट बघत होता. तेवढ्यात प्लांटचं गेट आलं. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून गाणं अर्ध्यावरच राहिलं.

दिवसभर वॉल्व्ह तपासताना डोक्यात तोच म्हातारा. संध्याकाळी बसमध्ये मीच डेव्हशेजारी जाऊन बसले आणि उरलेलं ऐकलं. मुलगी येत नाही.

"मग? थोर की नाही?" डेव्हने विचारलं.

"थांब," मी म्हणाले, "आधी पुण्याला बाबांना फोन करते."