फिरत्या पात्याला हळदीकुंकू

"नाईकसाहेब, मच्छिंद्रला पंखे तुम्हीच दिले होते ना?"

फोनवर प्रतापराव होते, आमच्या हौशी ड्रोनवाल्यांच्या क्लबचे अध्यक्ष. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट उलटतपासणी. दसरा आदल्या दिवशी झाला होता. मी जालन्याला लेकीकडं होतो, नुकताच घरी परतलो होतो आणि अजून बॅगही उघडली नव्हती.

दिले होते, म्हणालो. निवडून दिले आणि बॅलन्सही करून दिले.

"मग तुमच्या हातगुणानं काल माझ्या सासूबाईंच्या पायाशी ड्रोन पडलाय. म्हातारी वाचली हे नशीब. त्या मच्छिंद्रला आता मी माझ्या रानात पाय ठेवू देणार नाही. मेंढरं वळणाऱ्यांनी मेंढरंच वळावीत."

आणि फोन ठेवला.

माझं डोकंच फिरलं. हातगुण हा शब्द वैद्याला ठीक आहे, फार तर लोणचं घालणाऱ्या बाईला. आमच्या कामात हातगुण नसतो, माप असतं. चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी सगळी नोकरी बॅलन्सिंग सेक्शनला काढली. ब्लोअरचे पंखे, पंपाचे इम्पेलर, मोटरचे रोटर, जे जे म्हणून जोरात फिरतं ते माझ्या टेबलावरून जायचं. काम एकच. फिरणाऱ्या वस्तूचं वजन आसाभोवती सगळीकडं सारखं आहे का ते बघायचं, नसेल तर करायचं. घरातला छताचा पंखा डुगडुगायला लागला की कसा जीव खातो, तेवढं आठवलं तरी पुरे. रिटायर झाल्यावर सिडकोतल्या घराच्या गॅलरीत एक टेबल टाकलं आणि हौशी पोरांच्या ड्रोनचे पंखे बॅलन्स करून द्यायला लागलो. आवड म्हणून.

पण मला जास्त झोंबलं ते मेंढरांचं वाक्य. मच्छिंद्रचं घर खुलताबादच्या पलीकडचं. वडील आजही मेंढरांमागं असतात. मच्छिंद्रनं आयटीआय केलं, शेंद्र्याच्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर झाला, मुकुंदवाडीत खोली घेऊन बायकोपोरांसह राहतो. बाकीच्या मेंबरांनी ड्रोन दुकानातून डब्यातून काढलेले. यानं एकेक भाग जमवून स्वतः जोडलेला. मुकुंदवाडी विमानतळाला लागून, म्हणजे रेड झोन. तिथं ड्रोन उडवला तर पोलीस दारात. गावाकडं, वेरूळच्या लेण्यांच्या बाजूला, तर ड्रोनचं तोंडही करायची सोय नाही. प्रतापरावांचं खुलताबाद रस्त्यावरचं रान हीच काय ती जागा, जिथं तो रविवारी निर्धास्तपणे उडवू शकत होता. ते रान बंद म्हणजे त्याचा ड्रोन कपाटात बंद.

आणि ते पंखे मी काही डोळे झाकून दिले नव्हते. दसऱ्याच्या आधी त्याचा ड्रोन बाभळीत घुसला आणि पाती मोडली. नवे घ्यायचे म्हणून तो तीन-चार पाकिटं घेऊन माझ्याकडं आला. ड्रोनला चार पंखे असतात. त्यातले दोन घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, दोन उलटे, आणि त्यांची पाती तशीच उलटसुलट घडवलेली असतात. एका पाकिटात चारही एकाच दिशेचे निघाले, ते बाजूला. एकाची लांबी जास्त होती. मोठा पंखा लावला की मोटर तापते, म्हणून तेही बाजूला. मग पीच बघितला. पीच म्हणजे पंखा एका फेऱ्यात हवेत जेवढा पुढं सरकेल ते अंतर, स्क्रूच्या आट्यासारखं. जुन्या पंख्यांइतकीच लांबी आणि तेवढाच पीच असलेलं एक पाकीट उरलं, ते घेतलं.

तेही बॅलन्सरवर चढवलं. हे यंत्र म्हणजे दोन लोहचुंबकांच्या मधे अलगद तोललेली एक बारीक सळई. तिच्यात पंखा अडकवायचा आणि आडवा सोडायचा. जड पातं आपोआप खाली जातं. त्या पात्याच्या पाठीवरून पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवायचा, पंखा पुन्हा सोडायचा. पंखा जसा ठेवला तसा स्थिर राहीपर्यंत हेच. चारही पंखे मी तसे करून दिले. मच्छिंद्र समोर बसून बघत होता.

फोन आला त्याच दिवशी संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर मच्छिंद्र आला. पिशवीतून ड्रोन काढून टेबलावर ठेवला. एक पंखा मोडलेला, तीन शाबूत. त्या तिन्हींच्या एकेका पात्यावर लाल-पिवळा थर वाळून घट्ट बसलेला आणि त्यात तांदळाचे दाणे रुतलेले.

हे काय, विचारलं.

"पूजेचं हाय काका. दसऱ्याचं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रतापरावांनी रानात सतरंजी टाकली, सगळ्यांचे ड्रोन एका ओळीत मांडले. स्वतः पूजा केली, मग त्यांच्या घरच्या बायकांनी केली, मग मेंबरांच्या बायकांनी. सगळ्या एकाच बाजूला बसलेल्या, त्यामुळं प्रत्येकीचं बोट पंख्याच्या आपल्याकडच्या पात्यावर. हळद, कुंकू, वर अक्षता. मच्छिंद्रचा ड्रोन सगळ्यांत छोटा आणि घरी बनवलेला, म्हणून बायकांनी कौतुकानं त्याला जरा जास्तच लावलं.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अरे, तू मशीनवरचा माणूस, उडवण्याआधी पुसायचं नाही का?

"म्या फडकं घेतलं व्हतं काका हातात. साहेब म्हणले, पुसू नको, अपशकुन व्हतो, आजचा दिवस राहू दे. मग कसं पुसू? उडवला तर लई थरथरला. खाली घ्यायला गेलो तर वरच्या वर पलटी झाला. पडला तो साहेबांच्या सासूबाईंच्या पायाशी. आजींनी उलट मलाच पाणी दिलं. साहेबांनी मात्र समद्यांसमोर काढलं मला."

इथं थोडं सांगायला हवं. ड्रोनच्या पोटात एक सेन्सर असतो. ड्रोन किती कलला हे तो सारखं मोजत असतो, आणि त्यावरून चार मोटरींचा वेग कमीजास्त होतो. पंखा एका बाजूला जड असेल तर सगळा सांगाडा थरथरतो, आणि तो थरथराट सेन्सरला कलल्यासारखा वाटतो. मग ड्रोन नसलेला कल सावरायला जातो आणि असलेला तोल घालवून बसतो. मोठे ड्रोन वजनामुळं निभावून नेतात. मच्छिंद्रच्या एवढ्याशा ड्रोनला ते कुठून झेपणार?

मी विचारलं, हे तिथं का नाही सांगितलंस?

"पूजेला कसं नाव ठेवायचं काका? अन् रान त्यांचं हाय."

मग क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे दसऱ्याचे व्हिडिओ उघडले. प्रत्येकाचा व्हिडिओ लाटा आल्यासारखा हलत होता. दोघांनी तर लिहिलंही होतं, आज कॅमेऱ्याला काय झालंय कळत नाही. कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं. सगळ्यांचेच पंखे बिघडले होते, आणि हाकलला गेला होता एकटा मच्छिंद्र. तेव्हा मला खरा संताप आला.

रविवारी मी बॅलन्सर घेऊन रानावर गेलो. मच्छिंद्र यायला तयार नव्हता, त्याला जवळजवळ ओढत नेलं. तो बांधाच्या बाहेर, रस्त्यावरच उभा राहिला. प्रतापराव खुर्चीत होते, भोवती मेंबर. मी घरून आणलेलं स्टूल मांडलं, बॅलन्सर ठेवला, मच्छिंद्रचा एक पंखा चढवला. कुंकवाचं पातं धाडकन खाली गेलं. ओल्या फडक्यानं ते पुसलं, पुन्हा सोडलं. पंखा आडवा राहिला, हलला नाही. दुसऱ्या पंख्याचंही तेच, तिसऱ्याचंही तेच.

मग म्हटलं, प्रतापराव, आता तुमचा पंखा द्या.

त्यांनी दिला नाही. एका मेंबरनं त्यांच्या ड्रोनचा पंखा काढून माझ्या हातात ठेवला. त्यावरही दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. तोही झुकला.

"म्हणजे तुम्ही आता पूजेला दोष देता का नाईकसाहेब?" त्यांनी आवाज चढवला. "देवाधर्माचं काय आहे की नाही?"

हे मला अपेक्षितच होतं. दुसरं उत्तर नसलं की देवाला पुढं करायचं. मी म्हणालो, कंपनीत दर दसऱ्याला आम्ही बॅलन्सिंग मशीनची पूजा करायचो. झेंडूचं तोरण, नारळ, पेढे, सगळं. आमचा फोरमन इतका देवभोळा की उपाशीपोटी पूजा करायचा. पण हळदीकुंकू मशीनच्या अंगाला आणि पायाला. फिरणाऱ्या स्पिंडलकडं कुणाचं बोट गेलं तर तो हात झटकून टाकायचा. जे उभं आहे त्याला लावा, जे फिरतंय त्याला लावू नका. ड्रोनलाही मधे अंग आहे, तिथं खुशाल लावा.

मेंबर एकमेकांकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, बरोबर आहे, माझाही त्या दिवशी थरथरत होता. दुसऱ्यानं मान हलवली. प्रतापराव खुर्चीतून उठले आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"ठीक आहे. टेक्निकल गोष्ट होती. जाऊ द्या, मच्छिंद्रला मी माफ केलं. येऊ द्या त्याला आत."

टाळ्या पडल्या. मोठ्या मनाचा माणूस, असंही कुणीतरी म्हणालं.

माफ केलं! ज्यानं फडकं हातात घेतलं होतं त्याला, ज्यानं पुसू दिलं नाही त्यानं माफ केलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मच्छिंद्र आत आला होता, त्यानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या काका. उडवायला मिळतंय ना, बास झालं."

त्यानं मोडलेल्याच्या जागी माझ्याकडचा जादा पंखा लावला, ड्रोन वर घेतला. आवाज एकसारखा, स्वच्छ. चांगला वर जाऊन रानाला गोल फेरी मारून तो उतरला. त्याचा चेहरा खुलला होता आणि मी मात्र धुमसत होतो.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर नियम आला. ड्रोनच्या फिरणाऱ्या भागास हळदीकुंकू लावू नये, फक्त मधल्या भागास लावावे. खाली, आदेशावरून, अध्यक्ष. मच्छिंद्रचं नाव त्यात कुठं नव्हतं. आजही क्लबात नवीन आलेल्याला कुणीतरी सांगतंच, हाच तो, ज्यानं अध्यक्षांच्या सासूबाईंवर ड्रोन पाडला होता, पण साहेबांनी सांभाळून घेतलं. चूक नसलेल्या माणसाला माफ करणं म्हणजे चूक कायमची त्याच्या नावावर लावणं, एवढं मला या प्रकरणातून कळलं.

दिवाळीनंतर प्रतापरावांचा माणूस त्यांचे नवे पंखे घेऊन आला. बॅलन्स करून पाहिजेत म्हणाला, साहेबांना लग्नाचं शूटिंग करायचंय. मी करून ठेवले, अगदी मन लावून. डबीत घालून वर त्यांचं नाव लिहिलं. मग फोन केला. म्हणालो, पंखे तयार आहेत. ग्रुपवर तीन शब्द लिहा, "चूक मच्छिंद्रची नव्हती", आणि घेऊन जा.

प्रतापराव म्हणाले, बघू.

लग्न होऊन गेलं. डबी माझ्या टेबलावरच आहे.