तो वन्स मोअर माझा होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोरीला नाही, भावाला नाही, देवळातही नाही. सांगावं असं कधी वाटलंही नाही, खरं तर. मग आता का? तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही नाटकवाली माणसं माझ्या पडवीत येऊन बसलात, चहा प्यायलात आणि म्हणालात, ‘आजोबा, त्या प्रयोगाची आठवण आमच्या स्मरणिकेसाठी लिहून द्या.’ घ्या. ही आठवण.

मी चौथीपर्यंत शिकलेला. जन्मभर टेम्पो चालवला. आंब्याच्या पेट्या, चिरे, लग्नाची भांडी, आणि मधल्या काळात नाटकाचे पडदे. गोड लिहिता यायचं नाही मला. आडवंतिडवं जे आहे ते वाचा.

‘संगीत शंखमालिनी’ची पदं पुन्हा होणार म्हणून तुमचं काय चाललंय ते मी बघतो आहे. नाटक नाहीच. पडदे नाहीत, वेष नाहीत, वाद्यं घेऊन बसायचं आणि नुसती पदं म्हणायची. तरी माणसं वेडी झाली आहेत. चिपळूणचा कोण एक दुकान बंद ठेवून येणार. तुमच्या त्या मोबाइलच्या ग्रुपवर दिवसभर जुन्या कॅसेटवरची पदं फिरतात. मध्ये कुणीतरी खोकतो, त्या खोकल्याचीसुद्धा तुम्हाला माया. मेधाबाई शाळेत शिकवतात, नाटक झालं तेव्हा त्यांचा जन्मही नव्हता, पण पदं तोंडपाठ. म्हणाल्या, ‘निरोपाचं पद सुरू झालं की मी रुमाल काढूनच ठेवणार.’ बँकेतला सुहास म्हणाला, ‘रुमाल कसला, पंचा आणा.’

आणि वामनराव. नाटकातला नायक तेच, नाटक बसवणारे तेच, कंपनीही त्यांचीच. आता नव्वदीला टेकलेत. त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणायचं, शाल घालायची, असं ठरलंय तुमचं. शाल मी घालावी, म्हणालात. त्या प्रयोगाला हजर असलेला मीच काय तो हिंडता-फिरता उरलोय म्हणे.

त्या प्रयोगाची गोष्ट तुम्ही सगळे एकाच सुरात सांगता. निरोपाच्या पदाला लोकांनी वन्स मोअरवर वन्स मोअर दिले, वामनरावांनी एकालाही नाही म्हटलं नाही, आणि गाता गाता गळा गेला तो गेलाच. रसिकांच्या प्रेमावरून त्यांनी गळा ओवाळून टाकला. हे सांगताना सुहासच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुपारी कातरत होतो. प्रेम? — मी खाली मान घालून कातरत राहिलो, नाहीतर हसलो असतो.

पण आधी इंदूचं सांगायला हवं. इंदू म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी गेली. तिच्यावाचून घर कसं आहे ते मी इथे लिहिणार नाही, ते माझं मी बघतो. इंदू भजनात गायची. शिकलेली नाही, पण आवाज असा, की पलीकडच्या वाडीतली माणसं पडवीत येऊन बसायची. वामनरावांनी तो एकदा ऐकला आणि नाटकात घेतलं. मोठं काम, नायिकेच्या बहिणीचं. दोन पदं होती तिला. पावसाळाभर तालमी झाल्या. मी टेम्पोने सोडायचो, टेम्पोने आणायचो. घरी येऊन ती चुलीपुढेही तेच गायची. भाकरी करपायची. मी करपलेली खायचो आणि बोलायचो नाही, हे माझ्या जन्मातलं एवढंच कौतुक.

पहिला प्रयोग तोंडावर आला आणि वामनरावांनी तिला काढलं. सगळ्यांदेखत. म्हणाले, ‘गाते उत्तम. पण बोलायला तोंड उघडलं की मासळीबाजार आठवतो.’ माणसं हसली. मी दारात पडदे उतरवत होतो, मी ऐकलं. तिच्या जागी शहरातली एक बाई आली. आणि इंदूला काय काम दिलं? त्या बाईच्या पदराला टाचण्या लावायचं. तिने लावल्या. मी म्हटलं, ‘तुला लाज वाटत नाही गो?’ तर म्हणते, ‘गाणं ऐकायला मिळतं ना आतून.’

तिला राग आला नाही. तिच्या वाटचाही मलाच आला. टेम्पोचं चाक हातात धरलं की तो माणूस दिसायचा. घाट चढताना दिसायचा. माझ्या बायकोला मासळीबाजार म्हणाला, आणि माझ्याच टेम्पोतून त्याचे पडदे मी वाहतोय. सोडलं असतं काम — पण सोडलं तर त्याचं काय बिघडणार होतं? मला त्याचं बिघडवायचं होतं.

आता वन्स मोअरचं. तुम्हाला ठाऊक आहेच, पण नव्या पोरांसाठी लिहितो. पद आवडलं की लोक वन्स मोअर ओरडायचे आणि नटाने ते पुन्हा म्हणायचं. चांगला शहाणा नट हात जोडून सुटका करून घ्यायचा. वामनराव नाही. ‘मी मायबापांना नाही म्हणत नाही,’ असं छाती काढून सांगत फिरायचे. गर्वच होता तो. आणि गर्व हे असं दावं आहे, की ते माणूस स्वतःच गळ्यात बांधून घेतो, दुसऱ्याने फक्त ओढायचं.

तुमचा तो प्रयोग रत्नागिरीत, शाळेच्या पटांगणात होता. त्याच्या आदल्या दिवशी मी घरी आलो तर इंदू खुशीत. म्हणाली, ‘अहो, वामनराव येऊन गेले.’ तिच्या आईचा घशावरचा काढा आमच्या बाजूला सगळ्यांना माहीत होता — अडुळसा, ज्येष्ठमध, मिरी. वामनरावांचा घसा बसला होता. डॉक्टरांनी गाऊ नका म्हणून सांगितलेलं, गायलात तर आवाज जाईल. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, इंदूपाशी बोलले. ओटीवर बसून काढा प्यायले. आणि म्हणाले, ‘माझं चुकलं इंदूबाई. पुढच्या प्रयोगापासून तुमचं काम तुम्ही करा.’

हे सांगताना ती कशी दिसत होती ते मला विसरता येत नाही. ‘कुणाला बोलू नका हं घशाचं,’ म्हणाली. ‘उद्या जेमतेम एकेकदा म्हणून निभावून नेणार आहेत.’

तुम्हाला वाटेल, इथे माझा राग उतरला असेल. कुणाही चांगल्या माणसाचा उतरला असता. माझा चढला. मला न विचारता तिने माफ कसं केलं? अपमान काय तिचा एकटीचा होता? तो माणूस माझ्या ओटीवर बसून माझ्या घरचा काढा पितो, ‘चुकलं’ म्हणतो आणि झालं? मी जेवलो. हात धुतले. आणि टेम्पो स्टँडवर गेलो.

स्टँडवरची पोरं माझ्या शब्दातली. त्यांना मी घशाचं सांगितलं नाही. म्हटलं, ‘तुमच्या इंदूवहिनीची कंपनी आहे, नाव व्हायला हवं. निरोपाचं पद झालं की मी ओरडेन, माझ्या मागून ओरडा. थांबायचं नाही.’ त्यांनी प्रेमाने मान हलवली. त्यांच्यात पाप नाही.

प्रयोगात पद आलं. वामनरावांनी कसंबसं म्हटलं, मला कळत होतं, कारण मी पाहत होतो. शेवटची उंच तान त्यांनी चोरली. मी ओरडलो, वन्स मोअर. पोरं ओरडली. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पुन्हा ओरडलो. एव्हाना बाकीचे लोकही उठले, ते तर खरे शौकीन, त्यांना काय माहीत? वन्स मोअर हा जांभईसारखा असतो, एकाने दिला की पसरतो. तिसऱ्या खेपेला वामनरावांनी हात जोडले. मला वाटलं, सुटला. तेव्हा मी बाकावर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, ‘वामनराव, मायबापांना नाही म्हणता काय?’ माणसं खदखदून हसली. तालमीत इंदूला हसली होती ना, तशी.

त्यांनी हात सोडले आणि पेटीवाल्याकडे बघून मान डोलावली.

तुम्ही कुणी पाच वेळा म्हणता, कुणी सात. मला आकडा नाही आठवत. मला ती शेवटची तान आठवते — शीड फाटतं तशी मधोमध फाटली, आणि पुढे नुसता वारा. मी खाली बसलो. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पोटभर जेवल्यासारखं वाटलं. आज लिहिताना वाईट वाटतंय का, म्हणून थांबून बघितलं. त्यांच्यासाठी नाही वाटत.

नाटक तिथेच बंद पडलं. पुढचा प्रयोग झालाच नाही, म्हणजे इंदूचं कामही झालं नाही. हे मला आधी कळत होतं का? होतं. तरीही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, ‘घशाचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.’ मी म्हटलं, ‘लोक एवढे ओरडतील ते मला काय ठाऊक?’ तिने तव्यावरची भाकरी उलटली. नीट भाजली होती, करपली नव्हती. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी गायलं नाही. भजनाला जायची, झांज वाजवायची, ओठ मिटलेले. लोक विचारायचे, ‘इंदूवहिनी गात कशा नाहीत हल्ली?’ मी सांगायचो, ‘त्या वामनरावांनी मासळीबाजार म्हणून हिणवलं ना, तेव्हापासून मन उडालं तिचं.’ वाडीत सगळ्यांना हेच माहीत आहे. पोरीलाही. ती लहानपणी वामनराव रस्त्यात दिसले तर थुंकायची, आणि मी तिला अडवत नव्हतो.

तुम्ही आलात तेव्हा मेधाबाईंनाही मी हेच सांगितलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणाल्या, ‘हे छापायलाच हवं आजोबा. आणि मग सत्कार करायचा की नाही, त्याचाही विचार करावा लागेल.’ मी म्हटलं, ‘करा.’ म्हातारा खुर्चीत बसून शालीची वाट बघत असेल आणि शाल येणार नाही — हे मी दोन दिवस मनात घोळवलं. गोड लागलं.

इंदू शेवटी अंथरुणावर होती तेव्हा एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. सहज म्हटलं, ‘एकदा म्हण की गो काहीतरी. किती वर्षांत ऐकलं नाही.’ तिने डोळे उघडले. आवाज असा राहिलाच नव्हता, तरी शब्द स्वच्छ काढले. म्हणाली, ‘तुम्ही वन्स मोअर द्या, मग म्हणते.’

हसत नव्हती ती. वाट बघत होती. मी तिचं पांघरूण सारखं केलं. तिने कूस बदलली.

वामनरावांनी तिला हिणवलं, हे खरं. त्यानंतरही ती गात होती. चुलीपुढे गायची, टाचण्या लावताना गायची. तिचं गाणं मी बंद केलं.