मुंजाबांनी निवडलेली टग

"वरचं दिसतंय मला. पाण्याखाली किती हाय, ते सांगा."

मुंजाबांचं हे बोलणं मुकुंदवाडीत सगळ्यांना पाठ होतं. कुणी नवा ट्रॅक्टर दाखवला तरी हेच, कुणी पोरीला आलेलं स्थळ सांगितलं तरी हेच. त्यांची बायको सखूबाई म्हणायची, "जमिनीवर येऊन इतकी वरसं झाली, अजून पाय ओलेच हायेत ह्यांचे."

लासूर स्टेशनाकडच्या धनगराचं हे लेकरू. ऐन तरुणपणी एका दुष्काळात मेंढ्या सोडून मुंबईला गेलं आणि बंदरात टगवर लागलं. टग म्हणजे ठेंगणी, दणकट बोट. गावाएवढं जहाज दोर लावून धक्क्याला आणते. मुंजाबा दोर ओढता ओढता सुकाणूपर्यंत पोचले. नोकरी संपल्यावर मुकुंदवाडीच्या फलाटावर येऊन बसत. मालगाडी निघाली की म्हणत, "ही बी टगच की. फकस्त बिचारीला वळता येत नाय."

चिकलठाण्याचे ठेकेदार नानासाहेब यांना पैठणच्या नाथसागर धरणात पाइप टाकायचं काम मिळालं. पाइप न्यायचे तराफ्यांवरून, म्हणून तराफे ओढायला टग हवी होती. ते मुंजाबांच्या दारात आले.

"मुंजाबाभाऊ, टग तुम्ही निवडायची. अन् निवडाल ती तुम्हीच चालवायची."

त्या दिवसापासून म्हातारा चालताना सुकाणू फिरवल्यासारखे हात हलवू लागला. पेटीतला खाकी सदरा निघाला, इस्त्रीला गेला. पाण्यावर पुन्हा एकदा जायचं, एवढीच इच्छा उरली होती माणसाची. आम्हाला ती कळत होती.

मुंबईच्या खाडीत दोन टग विकायला होत्या. गाडी माझी, म्हणून मीही गेलो. पहिली दिसली आणि मुंजाबा जागीच थांबले. तिचंच सुकाणू त्यांनी जन्मभर धरलं होतं. कुणाला न विचारता ते वर चढले. सुकाणूच्या चाकाची एक मूठ झिजून गुळगुळीत झालेली. त्यांचा तळवा तिच्यावर आपोआप बसला.

"इंजिन ऐका, नानासाहेब. खोकत नाय, गुरगुरतंय."

"मग हीच घेऊ की!"

 मुंजाबा उतरून दुसऱ्या टगवर गेले. ती रुंद होती, पाण्यावर ताटासारखी पसरलेली. तिला चाक नव्हतं, दोन दांड्या होत्या. मुंजाबांनी दांड्या हलवल्या, तशी बोट जागच्या जागी गरगर फिरली. तिचा चालक राजकुमार हसत सुटला.

"बाबा, बोट हाय, भोवरा नाय!"

मुंजाबाही हसले. पण लगेच हात मागे घेतले.

चहाला बसल्यावर नानासाहेब म्हणाले, "तुमची जुनी ठरली ना?"

मुंजाबांनी बशीतला चहा हळूहळू संपवला.

"आमच्यात रीत हाय. कळपाला मेंढा निवडायचा तर आपण हातानं वाढवलेला निवडत नसत्यात. दुसऱ्या वाड्यावरच्या माणसाला बोलावत्यात. आपल्याला आपल्याची नुसती शिंगंच दिसत्यात."

"म्हणजे काय?"

"उन्हाळ्यात आमच्या मेंढ्या नाथसागराच्या काठाला चरायच्या. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती वर येत्यात. ज्या येत नाहीत, त्या हातभर पाण्याखाली दडून असत्यात. माझी टग पाण्यात लई खोल बसती. चैतात भिंतीवर चढंल, अन् मागच्या तराफ्यावर माणसं असतील. ही दुसरी कमरेएवढ्या पाण्यात चालती. ही घ्या."

"पण ही तुम्हाला चालवता येणार नाही."

"व्हय. राजकुमारला येती की."

नानासाहेबांनी त्या टगबरोबर राजकुमारलाही ठरवला.

पैठणच्या बाजूला टग ट्रेलरवरून पाण्यात उतरली, त्या दिवशी मुंजाबा तोच खाकी सदरा घालून आले. नारळ फोडला. कुठल्या पाण्याखाली कुठलं गाव आहे, ते राजकुमारला काठीनं दाखवलं. कुठं देऊळ, कुठं पांढऱ्या मातीची भिंत, कुठं विहिरीचा काठ.

"बाबा, चला की वर," राजकुमार म्हणाला. "एक चक्कर मारू."

"तू जा. काठावरून नीट दिसतं."

टग निघाली. दोर हळूहळू पाण्यातून वर आला, ताणला, त्यातून थेंब गळाले, आणि तराफा हलला. मुंजाबांची मूठ नुसत्याच हवेत थोडी वळली. मग त्यांनी चपला हातात घेतल्या आणि ओल्या गाळातून रस्त्याकडे चालू लागले.

तराफ्यावर नानासाहेब उभे होते. सगळे पुढं बघत होते, ते एकटे मागं वळून बघत राहिले, खाकी सदरा बाभळींच्या आड जाईपर्यंत.