बुकिंग डावीकडेच जातं

आधीच सांगतो, मी अंगारे-धुपाऱ्यांतला माणूस नाही. मांजर आडवं गेलं तर त्याला पलीकडे काहीतरी काम असेल, एवढंच मला वाटतं. वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, चूक आपलीच असते, यावर माझा पक्का विश्वास होता... होता म्हणतोय, हे लक्षात घ्या.

मी कोल्हारचा. जिल्हा अहिल्यानगर — आमच्या तोंडी अजून नगरच. माझा मामेभाऊ दत्ता अकोले तालुक्यातला, भंडारदरा धरणाच्या अंगाला त्याचं गाव. मामा नाहीत, घरात मामी आणि तो. सुप्याच्या कंपनीतली नोकरी सोडून यंदा त्यानं स्वतःच्या रानात तंबू टाकायचं ठरवलं. काजव्यांच्या दिवसांत पुण्या-मुंबईची माणसं झुंडीनं येतात, त्यांच्यासाठी. एका जुन्या हिरड्याच्या झाडाखाली तंबू उभे राहिलेसुद्धा. वेबसाइट अर्थातच माझ्या गळ्यात पडली.

काम अगदी सोपं. पानाच्या वर मेनूची पट्टी. मुख्यपान, तंबू, जेवण, संपर्क हे डावीकडून ओळीनं आणि ‘बुकिंग’ एकटं पार उजव्या टोकाला. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडात, पट्टीला फ्लेक्स लावायचं, शेवटच्या आयटमला मार्जिन-लेफ्ट ऑटो द्यायचं, की तो सरकत जाऊन उजव्या कडेला चिकटतो. हे मी झोपेतही करीन.

‘बुकिंग’ डावीकडे गेलं. मुख्यपानाच्याही अलीकडे, थेट कडेला.

स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि कोड तपासला. बरोबर. ब्राउझर बदलला, मोबाईलवर बघितलं, सुप्याच्या एका मित्राला फाईल पाठवली. त्याच्याकडेही डावीकडेच. मग गंमत म्हणून त्या जागी ‘संपर्क’ टाकलं — ते गुमान उजवीकडे गेलं. परत ‘बुकिंग’ टाकलं, की पुन्हा डावीकडे! तोच कोड माझ्या दुसऱ्या साइटवर ठीक चालत होता. तेव्हा पहिल्यांदा मला जरा कसंसंच वाटलं.

शेवटी लॅपटॉप घेऊन मामीच्या घरी गेलो. दत्ता वैतागला होता. काजवे तोंडावर आलेले आणि साइट बंद. मामी तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं काय अडलंय, म्हणून मी दाखवलं — हे उजवीकडे पाहिजे, आणि डावीकडे जातंय. तिचे हात थांबले.

त्यांच्याकडे कुठलंही नवं काम काढायचं तर देवाला कौल लावतात. देवाच्या दगडाला दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि बसून राहायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. या वेळी दत्तानं तिला कौल लावू दिला नव्हता. असले प्रकार बास झाले, म्हणाला होता.

मी आपलं सांगितलं, की घाबरायचं कारण नाही. पोझिशन ॲब्सोल्यूट म्हणून एक उपाय असतो, त्यानं जबरदस्तीनं उजवीकडे बसवता येतं.

मामी म्हणाली, “ढकलून उजवा करायचा नसतो रं. त्यो न्हाई म्हनतोय, तर न्हाई.”

दत्ता आधी हसला, मग चिडला. मामीनं त्याला गळ्याची शपथ घातली, काजवे जाईपर्यंत तंबूत कोणाला निजवायचं नाही म्हणून. त्यानं कुरकुरत ऐकलं.

काजव्यांच्या ऐन भरात ते हिरड्याचं झाड पडलं. दुपारची वेळ, वाऱ्याचा पत्ता नाही, खोड आतून निरोगी. सगळे तंबू चेंदामेंदा. आत कोणी नव्हतं... दत्ता फोनवर तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. मामीनं देवाला नारळ फोडला, आणि खरं सांगतो, मीसुद्धा हात जोडले.

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो. योगायोग म्हणून सोडून दिली असती.

दत्तानं नवे तंबू आणलेत. या वेळी उघड्या माळावर. झाड नाही, ओढा नाही, वर डोंगर नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुरू करणार आणि राखणीला स्वतः तिथंच झोपणार. मी साइट पुन्हा कोरी करकरीत लिहिली, जुन्यातली एक ओळ घेतली नाही. ‘बुकिंग’ डावीकडेच आहे.

दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, “तुझ्या कोडात खोट हाय, त्यात देवाला कशाला ओढतो?” वेबसाइटवाचून त्याचं काही अडत नाही आता, फोनवरच बुकिंग घेतोय, दिवाळीचं भरतही आलंय. मामीचं म्हणणं, देवानं झाडाचं सांगितलं होतं, झाड पडलं, विषय मिटला. परवा तिनंच विचारलं, “आता गेलं आसंल ना रं उजवीकडं?”

मी रेंज नसल्यासारखं केलं आणि फोन ठेवला.

तुमच्यापैकी कुणी जाणकार असेल तर कोड पाठवतो, बघा. मला तरी अजून काही उलगडत नाही. त्या माळावर मी स्वतः फिरून आलोय. पडण्यासारखं तिथं काहीच नाही. मग ते ‘नाही’ का म्हणतंय?